खालचा कप्पा मुलांना द्या

जानेवारीत जयपूरचा पारा पहाटे चार-पाच अंशांपर्यंत उतरतो. नेमक्या अशाच एखाद्या सकाळी घरातली साडेतीन वर्षांची कन्या बिनबाह्यांचा फ्रॉक हातात घेऊन उभी राहते आणि जाहीर करते, "मी हाच घालणार." खाली व्हॅनवाला हॉर्न देत असतो, डब्याचं झाकण अजून लागायचं असतं. आईचा आवाज चढतो, कन्या फरशीवर बसकण मारते आणि मग ज्याच्या अंगात बळ जास्त तो जिंकतो. फ्रॉक कपाटात परत जातो, स्वेटर डोक्यातून खाली ओढला जातो आणि मुलगी हुंदके देत जिना उतरते. आई दिवसभर मनातून खट्टू राहते ती वेगळीच.

जयपूरच्या विद्याधर नगरात नोकरीधंद्यासाठी येऊन राहिलेल्या मराठी आईबाबांशी बोलताना हाच प्रसंग थोड्याफार फरकाने मी सारखा ऐकते. "काय करावं हो, सगळं तिलाच ठरवायचं असतं!" या वाक्यातलं कौतुकही मला कळतं आणि वैतागही. लहान मुलांमध्ये वावरण्यातच माझी सगळी वर्षं गेली, म्हणून या विषयावर तुमच्याशी मोकळेपणी बोलावंसं वाटतं. आडवळणं न घेता माझं मत आधीच सांगून टाकते. अडीच वर्षांच्या पुढच्या मुलाला आपले कपडे आपण निवडू द्यावेत, आणि तेही रोजच्या रोज. वाढदिवसाला एखादा लाड म्हणून दिलेली निवड मी यात धरत नाही.

लहान मुलाचा दिवस जरा त्याच्या बाजूने पाहा. उठायचं कधी, ते आपण ठरवतो. दूध पितळी पेल्यात की स्टीलच्या, शाळा कोणती, व्हॅनमध्ये शेजारी कोण, दुपारी झोपायचं की नाही, आजी-आजोबांना भेटायला पुण्याला जायचं की नागपूरला, सगळं आपणच. बहुतेक गोष्टी आपण ठरवाव्यात हे बरोबरही आहे, कारण त्या पेलण्याचं त्याचं वय नाही. पण अंगावरचा कपडा ही त्याच्या अगदी जवळची वस्तू. ती त्याच्या कातडीला लागते, त्यालाच गरम होते, त्यालाच टोचते. स्वतःच्या मताला जगात काही किंमत आहे की नाही, याची पहिली परीक्षा मूल इथेच घेतं. म्हणून तर दीड वर्षाचं पोर कपडे घालायला शिकण्याच्या कितीतरी आधी ते काढायला शिकतं. मोजा ओढून फेकला, टोपी उडवली की त्याच्या चेहऱ्यावर जो आनंद दिसतो, तो आपण काहीतरी करू शकलो याचा असतो.

एरिक एरिक्सन या मानसशास्त्रज्ञाने १९५० मध्ये प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथात बालपणाचे टप्पे मांडले. त्यात दुसऱ्या-तिसऱ्या वर्षाचं काम त्याने सांगितलं ते स्वायत्ततेचं. मुलाला आपलं आपण करून पाहायचं असतं, आणि ते सतत हाणून पाडलं तर त्या जागी लाज आणि स्वतःबद्दलची शंका घर करते. त्याच्याही आधी, १९०७ मध्ये रोममध्ये पहिलं बालगृह उघडणाऱ्या मारिया मॉन्टेसरींनी मुलांसाठी लाकडी चौकटी बनवल्या होत्या. चौकटीवर कापडाच्या दोन पाकळ्या ताणलेल्या आणि त्या जोडायला एकीवर बटणं, दुसरीवर हूक, तिसरीवर नाड्यांच्या गाठी. मूल तासन्‌तास बसून त्या लावायचं, सोडायचं. पुढे या बाई १९३९ मध्ये भारतात आल्या आणि महायुद्ध संपेपर्यंत इथेच राहिल्या. पण त्यांची विद्या त्यांच्याआधीच आपल्याकडे पोचली होती. गिजुभाई बधेका आणि आपल्या ताराबाई मोडक यांनी भावनगरला ती रुजवली, १९३६ मध्ये ताराबाईंनी दादरला शिशुविहार काढलं आणि १९४५ मध्ये हेच काम त्या बोर्डीसारख्या खेड्यात घेऊन गेल्या. मुलं शाळेत येत नाहीत तर शाळाच त्यांच्या अंगणात न्यायची, हा त्यांचा धडाका. मुलाला करू द्या, आपण जवळ उभं राहा, हे मराठी आईबापांना सांगणारी माणसं आपल्याकडे इतक्या आधीपासून आहेत. तेव्हा हे काही परदेशातून कालपरवा आलेलं फॅड आहे असं कोणी म्हटलं, तर बिनदिक्कत ताराबाईंचं नाव सांगा.

मग जानेवारीतल्या त्या फ्रॉकचं काय करायचं?

उत्तर शोधायला मी तुम्हाला फार लांब नेणार नाही. आपण राहतो ते विद्याधर नगर ज्यांच्या आराखड्यातून उभं राहिलं, ते बाळकृष्ण दोशी १९२७ मध्ये पुण्यात जन्मले. २०१८ मध्ये प्रित्झ्कर हा वास्तुकलेतला सर्वांत मोठा सन्मान मिळवणारे ते पहिले भारतीय. विद्याधर नगरचा आराखडा करताना त्यांच्यासमोर जुनं जयपूर होतं. १७२७ मध्ये सवाई जयसिंगांनी वसवलेल्या त्या शहराची आखणी विद्याधर भट्टाचार्यांची, म्हणून तर आपल्या वसाहतीला त्यांचं नाव. तिथे मोठे रस्ते, चौपडी, बाजाराचे दर्शनी भाग यांचे नियम पक्के होते. आतल्या गल्लीत शिरलं की हवेली कशी बांधायची, अंगण केवढं ठेवायचं, हे ज्याचं त्याने पाहायचं. दोशींनी ऐंशीच्या दशकात इंदूरला 'अरण्य' ही वसाहत केली, तिथे ते आणखी पुढे गेले. कमी उत्पन्नाच्या कुटुंबांना त्यांनी जोतं बांधून दिलं, पाण्याची आणि संडासाची सोय दिली, कुठे एखादी खोली दिली. वर जिना कुठून काढायचा, सज्जा ठेवायचा का, भिंतीला निळा रंग द्यायचा की पिवळा, हे त्या कुटुंबांवर सोडलं. १९९५ मध्ये या कामाला आगा खान पुरस्कार मिळाला.

मुलांच्या कपड्यांचंही मी असंच मानते. जोतं आपण घालायचं. हवामान, सुरक्षितता आणि कुठे जायचं आहे, या तीन गोष्टी मोठ्यांच्या. त्यांवर चर्चा नाही आणि त्याबद्दल मनात अपराधीपणही नको. थंडी आहे म्हणजे आत पूर्ण बाह्यांचं इनर आणि खाली लोकरी स्टॉकिंग असणारच. एवढं अंगात गेलं की वर तो बिनबाह्यांचा फ्रॉक का नको? घालू दे की! स्वेटरवरूनच फ्रॉक घालायचा हट्ट असेल तर तसाही घालू दे. मूल उबेत आहे, त्याला हवा तो कपडा अंगावर आहे, व्हॅन वेळेत निघते.

जूनमध्ये नेमकं उलट. पारा पंचेचाळिसाकडे निघालेला, लू वाहते आहे आणि चिरंजीवांना वाढदिवसाचा मखमली कोट घालून खाली खेळायला जायचं आहे. इथे नाही म्हणावं लागतं आणि ते एकदाच, शांतपणे म्हणावं. मात्र सुती बंड्यांपैकी हवी ती त्याने घ्यावी. खरं तर या नकाराची वेळ येऊच नये असं करता येतं. मखमली कोट उन्हाळ्यात त्याच्या हाती लागेल अशा जागी ठेवूच नये, तो वरच्या फळीवर ट्रंकेत जावा.

सुरक्षिततेत मी कसलीच सूट देत नाही. दिवाळीत पणत्यांजवळ वावरताना सुतीच कपडे, नायलॉनचे घेरदार फ्रॉक नाहीत. स्कूटीवर बसताना ओढणी गळ्यात मोकळी सोडायची नाही, हे तर आपल्या रस्त्यांवर डोळ्यांत तेल घालून पाहावं लागतं. आणि टोपीच्या जाकिटाला गळ्याशी नाडी असेल तर ती काढूनच टाका. घसरगुंडीत अशी नाडी अडकून मुलं दगावल्यामुळे अमेरिकेच्या ग्राहक सुरक्षा आयोगाने १९९६ मध्ये लहान मुलांच्या कपड्यांना गळ्याशी नाड्या नकोत अशी सूचना काढली. आपल्याकडे बाजारात अजून अशी जाकिटं सर्रास मिळतात आणि घसरगुंडी तर प्रत्येक सेक्टरच्या बागेत आहे.

एवढं झालं की जोतं संपलं. पुढे रंग, नक्षी, कशावर काय, कोणता मोजा कोणत्या पायात, हे सगळं मुलाचं.

इथवर बहुतेक आया माना डोलावतात. अडतं ते पुढे. "घरात ठीक आहे हो, पण बाहेर?" हिरव्या पायजम्यावर केशरी झब्बा, एका पायात पट्ट्यांचा मोजा, दुसऱ्यात ठिपक्यांचा आणि डोक्यावर आजीने विणलेलं टोपडं, अशा अवतारात मूल पापडच्या हनुमानजींच्या दर्शनाला निघालं की आईच्या पोटात गोळा येतो. मंदिरात भेटणारी शेजारीण काय म्हणेल? आणि आपण इथे परगावचे. 'मराठी लोक मुलांना नीट ठेवत नाहीत' असं कोणी म्हटलं तर? शिवाय बोल लागतो तो आईला. बाबा त्याच मुलाला कडेवर घेऊन मिरवत असले तरी 'आईने काय घातलंय बघा' असंच लोक म्हणतात. ही बोच खरी आहे आणि ती मी हसण्यावारी नेणार नाही. परक्या शहरात नीटनेटकं दिसणं हा आधार असतो. आपल्यापैकी कितीजणींनी इथे आल्यावर पहिल्या तीजेला मुद्दाम लहरिया विकत घेतला, तो याच ओढीने.

पण म्हणूनच नीट विचार करा, की ही लाज कोणाची? साडेतीन वर्षांच्या मुलाला विजोड मोज्यांची लाज नसते. ती आपली असते आणि आपल्याकडून ती त्याच्याकडे जाते. 'असं घालून गेलास तर सगळे हसतील' हे वाक्य थंडीसारखं अंगात शिरतं आणि पुढे बराच काळ राहतं. आठवी-नववीतल्या मुली आरशासमोर रडतात, वर्गातल्या चौघांकडे आहे म्हणून तोच बूट हवा असं मुलगे म्हणतात, तेव्हा आपण कपाळाला हात लावतो. 'सगळे काय म्हणतील' हा धडा त्यांना पहिल्यांदा कोणी दिला, ते त्या वेळी आपल्या लक्षात राहिलेलं नसतं.

आणि शेजारीपाजारी आपण समजतो तेवढे कठोर नसतात. विद्याधर नगरच्या सेंट्रल स्पाइन भागात एका दुकानासमोर मी ऐकलेलं बोलणं सांगते. एक लहानगा घेराचा घागरा आणि वर क्रिकेटचा टी-शर्ट घालून उभा होता. त्याची आई ओशाळून काहीतरी खुलासा करू लागली. तेवढ्यात लाल ओढणीतली एक म्हातारी म्हणाली, "टाबर छै, पहरबा दे." लेकरू आहे, घालू दे. एवढंच म्हणून ती आपल्या वाटेने गेली.

आता एक गोष्ट जरा सावकाश सांगते, कारण या सगळ्यात मला ती सर्वांत महत्त्वाची वाटते.

श्रावणातली तीज जवळ आली की इथल्या बालवाड्यांतून चिठ्ठी येते, मुलींना लहंगा-ओढणीत पाठवा. जयपूरचा लहंगा म्हणजे गोटा-पत्ती आलीच. पूर्वी सोन्या-चांदीच्या तारांची आणि आता बहुतेक चमकदार कृत्रिम धाग्यांची ही पट्टी कापून, दुमडून, तिची पानं-फुलं करून कापडावर टाचतात. वरून पाहिलं तर डोळे निवतात. आता तीच चोळी उलटी करून पाहा. काखेच्या शिवणीपाशी गोट्याची कापलेली टोकं आत आलेली असतात, जाळीच्या अस्तराची कडक शिवण कमरेवर बसते आणि मानेमागे दुकानाचं लेबल असतं. हे सगळं अडीच-तीन वर्षांच्या कोवळ्या कातडीवर, श्रावणातल्या दमट उकाड्यात, चार तास. मूल म्हणतं, "टोचतंय." आपण म्हणतो, "काही टोचत नाहीये, किती छान दिसतेस! एक फोटो काढू, मग काढ."

या उत्तरात आपण काय केलं? तिच्या शरीराने तिला जे सांगितलं ते खोटं आहे, असं आपण तिला सांगितलं. आणि तिच्या सुखापेक्षा बघणाऱ्याचं सुख मोठं, हेही सांगितलं. पुढच्याच आठवड्यात तिच्या शाळेत चांगल्या-वाईट स्पर्शाचा पाठ असतो. 'तुला आवडलं नाही तर मोठ्याने नाही म्हण, घरी येऊन आईला सांग' असं तिथे बाई शिकवतात, आणि तो पाठ हवाच. पण 'टोचतंय' म्हटल्यावर ज्या घरात ऐकलं जात नाही, तिथे त्याहून अवघड गोष्ट सांगायला मूल कुठून येईल? ऐकलं जाण्याची सवय बगलेतल्या गोट्यापासून लागते. म्हणून 'टोचतंय', 'घट्ट होतंय', 'गळ्याशी नको' या तक्रारींना कधीही नखरे म्हणू नका. काही मुलांची कातडी खरोखरच फार हळवी असते. मोज्याची पुढची शिवण बोटांवर आली तरी त्यांचं चित्त थाऱ्यावर राहत नाही. अशांचे मोजे उलटे घालावेत, काही बिघडत नाही. लेबलं तर नवा कपडा आणल्या दिवशीच उसवून टाकावीत.

लहंगा घालायचाच असेल तर त्यावरही उपाय आहे. सांगानेरी मलमलीचा तुकडा घ्या आणि चोळीला आतून पूर्ण अस्तर लावा. गल्लीतला कोणताही दर्जी करून देईल. घरातला वापरून मऊ झालेला जुना पंचा असेल तर त्याहून उत्तम. आणि लहरियाचे दोन तुकडे समोर ठेवून 'यातला कोणता?' हे तिलाच विचारा. स्वतः निवडलेल्या कपड्यात मुली तीजेला किती उत्साहाने नाचतात, ते एकदा पाहाच.

मुलगा-मुलगी हा भेदही कपड्यातूनच पहिल्यांदा शिरतो. पाच वर्षांची एक मुलगी फ्रॉक घालायलाच तयार नव्हती, तिला सारखी मोठ्या भावाची हाफ पँट हवी असायची. घरातल्यांना वेगळीच काळजी पडली. तिलाच नीट विचारलं तेव्हा कळलं, हाफ पँटला खिसे होते. बागेत गुलमोहराच्या शेंगा, गुळगुळीत दगड, कोणाची तरी पडलेली गोटी, हे सगळं ती गोळा करायची आणि फ्रॉकला ते ठेवायला जागाच नव्हती. तिच्या आईने प्रत्येक फ्रॉकला बाजूच्या शिवणीत खिसे लावून घेतले आणि फ्रॉकबद्दलची तक्रार मिटली. मुलींच्या कपड्यांना खिसे नसतात हे आपल्या अंगवळणी पडलं आहे, म्हणून आपल्याला ते दिसत नाही. मुलीला दिसतं. घसरगुंडीवर, झाडावर चढताना लांब घेर पायात येतो, हेही तिलाच आधी कळतं. मग ती खाली उभी राहून बघत बसते आणि आपण म्हणतो, 'आमची जरा भित्रीच आहे.'

मुलग्यांची अडचण दुसरी. त्याला गुलाबी हवा असतो, टिकली हवी असते, ताईच्या बांगड्या हव्या असतात. घरात एकदम शांतता पसरते. बाबा तर विषयच बदलतात. बाबांनो, तुम्ही गुलाबी शहरात राहता! सवाई रामसिंगांनी १८७६ मध्ये इंग्लंडच्या युवराजाच्या स्वागतासाठी हे शहर गेरूच्या रंगात रंगवलं आणि तेव्हापासून हा रंग जयपूरची शान आहे. लग्नाच्या वरातीत भरदार मिशांचे पुरुष गुलाबी साफे बांधून ऐटीत चालतात, हे तुमचा मुलगा दर हंगामात बघतो. त्याच्या डोळ्यांना जे सुंदर दिसलं ते त्याने मागितलं, एवढंच. १९१८ साली अमेरिकेतल्या मुलांच्या कपड्यांच्या एका व्यापारी नियतकालिकाने गुलाबी रंग मुलग्यांना आणि निळा मुलींना शोभतो असा सल्ला छापला होता. रंगांची ही वाटणी बाजार करतो आणि पुन्हा उलटीही करतो. बांगड्यांचं म्हणाल तर चार दिवस खुळखुळवून त्या तो स्वतःच कुठेतरी विसरून येईल. त्याला 'मुलगी आहेस का?' असं म्हणून हिणवलं, तर ते मात्र तो विसरणार नाही. शिवाय तुमच्या घरात मुलगी असेल तर तिनेही ते ऐकलेलं असतं.

बाजाराचा विषय निघालाच आहे तर सांगते. कपाटातून निवडणं आणि दुकानातून निवडणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. दिवाळीच्या आधी बापू बाजारात किंवा पुरोहितजींच्या कटल्यात चार वर्षांच्या मुलाला घेऊन जाऊन 'तुला हवा तो घे' म्हणणं हा त्याच्यावर अन्याय आहे. गर्दी, आवाज, दुकानदाराने समोर टाकलेला ढीग. मोठ्या माणसाचीसुद्धा तिथे मती गुंग होते. आपण आधी दोन-तीन कपडे बाजूला काढावेत, किंमत आणि कापड बघून, आणि मग त्यांतून त्याला निवडू द्यावं. किंमत लपवू नये. 'याला जास्त पैसे लागतात, तो आपण घेणार नाही' हे पाच वर्षांच्या मुलाला समजतं.

छातीवर कार्टून छापलेल्या टी-शर्टबद्दल मला पुष्कळ आया विचारतात. त्याला फक्त तोच हवा असतो, मग ती निवड म्हणायची का? खरं सांगायचं तर ती निम्मी त्याची आणि निम्मी टीव्हीची. पण म्हणून ती हिसकावून घेऊ नये. एखादा असू द्यावा. त्याच कप्प्यात एक बगरूच्या ठशाचा झब्बा असावा, एक आजीने पाठवलेला असावा, एक मोठ्या भावंडाचा वापरून मऊ झालेला असावा. कधी सांगानेर किंवा बगरूला जाणं झालं तर छिपा कारागीर लाकडी ठसा रंगात बुडवून कापडावर कसा ठोकतो, ते मुलाला उभं राहून बघू द्या. कपडा कुठून येतो हे पाहिलेलं मूल कपड्याकडे वेगळ्या नजरेने बघू लागतं.

आजी-आजोबांना यातलं बरंच रुचत नाही. व्हिडिओ कॉलवर आजी म्हणते, "अगं, हे काय घातलंय पोराला? तुला काही बघायला वेळ नाही का?" इथे बाबांनी पुढे व्हावं. "आई, त्याने स्वतः घातलंय, बटणंसुद्धा स्वतः लावली" एवढं तिच्या मुलाने म्हटलं की आजीचा सूर बदलतो, सुनेने म्हटलं तर तेच उलट उत्तर ठरतं. आजीच्या मनात काही पक्क्या गोष्टी असतात. सणाच्या दिवशी काळं नको, संक्रांतीला मात्र काळंच. त्यांना मान द्यावा. बोरन्हाणाला काळं झबलं आणि हलव्याचे दागिने घालून बसण्यात मुलालाही मौज वाटते. लग्नमुंज, पूजा, शाळेचा गणवेश इथे मुलाने घरच्या रीतीप्रमाणे चालावं, हे मला मान्य आहे. रोज ऐकलं जाणारं मूल अशा दिवशी आपलं ऐकायला सहज तयार होतं, कारण त्याला रोज लढावं लागत नाही.

आता करायचं कसं?

सकाळची लढाई रात्री संपवा. जेवण झाल्यावर दोन जोड समोर ठेवायचे, एक त्याने उचलायचा आणि खुर्चीवर ठेवून द्यायचा. अडीच वर्षांच्या मुलाला दोनच पुरे. चार वर्षांचं झालं की सगळा कप्पा त्याचा. सकाळी मन बदललं तर? एकदा बदलू द्या. रोज बदलत असेल तर 'रात्री ठरलं ते ठरलं' असा नियम करा आणि पाळा.

ज्या गोष्टीला 'नाही' उत्तर चालणार नाही, ती विचारू नका. 'स्वेटर घालशील का?' असं विचारायचं, त्याने 'नाही' म्हटलं की रागवायचं, यात मुलाची फसवणूक होते. 'लाल की निळा?' हा प्रामाणिक प्रश्न आहे.

आणि दहा मिनिटं जास्त ठेवा. सगळ्यात अवघड हेच, मला कल्पना आहे. पण मूल बटण लावतं तेव्हा एकदा हात मागे बांधून नुसतं बघा. जीभ एका बाजूने बाहेर आलेली, दोन्ही अंगठे आणि बोटं कामाला लागलेली, बटण अर्धं काजातून डोकावतं आणि परत सटकतं. पुन्हा प्रयत्न. शेवटी लागतं, तेही एक काज सोडून, त्यामुळे सदऱ्याची एक बाजू वर आणि एक खाली. ते नीट करायला आपला हात शिवशिवतो. करू नका. सदरा वाकडा राहिल्याने त्या दिवशी काहीही बिघडणार नाही. त्याने विचारलंच, तर आरशासमोर नेऊन 'तुला काय दिसतंय?' एवढंच म्हणा.

काही मुलांना निवड नको असते. "तूच दे" म्हणतात आणि मोकळी होतात. त्यांच्यावर ती लादू नये. काहींना रोज तोच पिवळा सदरा हवा असतो. तसलेच दोन घ्यावेत, एक दांडीवर, एक अंगावर. मूल स्वतःला काय हवं ते जाणतं, एवढं पुरेसं आहे. आणि स्वतः निवडलेल्या जाड मोज्यांत दुपारी पाय उकडले तर 'मी सांगितलं होतं ना?' हे वाक्य गिळून टाका. पाय उकडल्याचं त्याला कळलेलं असतं.

तेव्हा आईबाबांनो, येत्या रविवारी एक काम करा. कपाटाचा सगळ्यात खालचा कप्पा रिकामा करा. ऋतूला न शोभणारे, तोकडे झालेले, टोचणारे कपडे बाहेर काढा. जे उरतील त्यांतले सात-आठ तिथे, त्याच्या हाताला येतील असे ठेवा. मुलाला बोलावून सांगा, हा तुझा. आणि सोमवारी सकाळी तो जे घालून येईल, तेच घालून त्याला बाहेर घेऊन जा.